टाइल्सच्या आधी त्यांचा हात बघा

घरात लग्न निघाले की रंगरंगोटी होते, नवे पडदे येतात, जुना सोफा निघतो. न्हाणीघराचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. लागला तरी त्याचा अर्थ आपल्याकडे एवढाच असतो की चकचकीत टाइल्स, भारी नळ आणि मोठा आरसा. घरातल्या सत्तरीच्या माणसाला यातले काहीच उपयोगी पडत नाही. चकचकीत टाइल्स तर त्याच्या वैरीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभरात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. जीव जाणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसे सर्वांत जास्त. आपल्याला मात्र ही गोष्ट आठवते ती खुब्याचे हाड मोडल्यावर.

जुना जालन्यातल्या घरांची अडचण आणखी वेगळी आहे. वाटण्या होत होत खोल्या लहान झाल्या. मोरी जिन्याखाली नाहीतर अंगणाच्या कोपऱ्यात, जेमतेम तीन फूट बाय चार फूट. पाणी घरात येऊ नये म्हणून दाराशी उंच उंबरा. त्यात शहराच्या पाण्याचे हाल आपण जाणतोच. घाणेवाडीचा तलाव आहे, जायकवाडीहून जलवाहिनी आली, तरी नळ रोज येत नाही. म्हणून जिथे माणसाला वळायला जागा हवी, तिथे पिंपे आणि घागरी उभ्या असतात. म्हातारी माणसे उठताना त्याच पिंपाच्या काठाला धरतात. भरलेले पिंप आधार देते. पाणी संपत आले की तेच पिंप हाताखालून सरकते. नळ येण्याच्या आदल्या दिवशी तर ते माणसासकट आडवे व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पहिले काम फुकटचे आहे: पिंपे मोरीबाहेर काढा. छतावर टाकी असेल तर उत्तम, नसेल तर अंगणात ठेवून पाइपाने पाणी आत घ्या. आत एक बादली आणि एक लोटा पुरे.

आमच्या सासूबाईंनी मगरिबनंतर पाणी पिणे बंद केले होते. विचारले तर म्हणायच्या, तहान नाही. माझ्या मुलीने एकदा सरळ विचारले, "दादी, रात्री उठायची भीती वाटते का?" तेव्हा त्या गप्प बसल्या. ज्या बाईने चाळीस वर्षे सगळे घर उठवले-बसवले, तिला तहारतसाठी सुनेला हाक मारण्याची लाज वाटत होती. पाणी कमी पिले की लघवीची जळजळ होते, चक्कर येते, आणि चक्कर आली की पडण्याचा धोका आणखी वाढतो. तुमच्या घरी कोणी संध्याकाळनंतर पाणी टाळत असेल, तर आधी मोरीची वाट बघा. आमच्या घरच्या दुरुस्तीची सुरुवात तिथून झाली.

पडण्याचा सर्वांत मोठा धोका आंघोळीत असेल असे वाटते. मला तो वुजूत जास्त वाटतो. दिवसातून पाच वेळा, त्यातही फज्रला अर्धवट झोपेत आणि अंधारात. वॉश बेसिनसमोर उभे राहून एक पाय वर उचलायचा आणि ओल्या फरशीवर दुसऱ्या पायावर तोल सांभाळायचा, ही कसरत तरुणांनाही जड जाते. मशिदीत असे कोणी करत नाही. तिथे बसायला ओटा असतो, समोर खाली नळ, पाय ठेवायला जागा, पाणी वाहून जायला नाली. जालन्याची काळी मस्जिद आणि मोती तलाव हे जमशेदखानाचे काम. त्याने तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरातल्या हौदांपर्यंत आणले होते. वुजूला बसून पाणी घेण्याची सोय आपण पिढ्यान्‌पिढ्या मशिदीत करत आलो आणि घरात मात्र बेसिन लावून मोकळे झालो.

म्हणून वुजूसाठी गुडघ्याच्या उंचीचा, म्हणजे साधारण दीड फुटाचा, पक्का ओटा बांधून घ्या. खूप बुटका नको, त्यावरून उठता येत नाही. नळ बसल्या जागी हाताशी यावा. प्लास्टिकचे स्टूल ओल्यात सरकते, ते नकोच. तोच ओटा आंघोळीलाही चालतो.

आता आधाराच्या दांड्या. मिस्त्री म्हणेल, "बाजी, एक रॉड लावून देतो." तो टॉवेलचा रॉड असेल. टॉवेलचा रॉड माणसाचे वजन पेलत नाही, आणि रबरी कपाने चिकटणाऱ्या दांडीवर तर अजिबात विश्वास ठेवू नये. दीड इंची स्टीलचा पाइप हवा, भिंतीपासून दोन इंच सुटा, म्हणजे मूठ नीट वळते. आमच्या गावात वेल्डिंगवाल्यांची वाण नाही, मापाने करून देतात. खरी गोम भिंतीत आहे. जुन्या माती-चुन्याच्या भिंतीत स्क्रूची गुटी धरत नाही. चार इंची विटेच्या भिंतीत आरपार बोल्ट टाकून पलीकडून लोखंडी पट्टी लावावी लागते. मातीच्या भिंतीत हात न घालता फरशीत रोवलेला उभा खांब बरा.

दांडी कुठे लावायची हे मिस्त्रीला ठरवू देऊ नका. सासूबाईंना खुर्चीवर बसवून आम्ही चार-पाच वेळा उठायला सांगितले. हात आपोआप जिथे जायचा, तिथे खडूने खूण केली. त्यांचा उजवा खांदा दुखतो, त्यामुळे दांडी डावीकडे गेली. कुठल्याही पुस्तकातल्या मापापेक्षा ती खूण खरी.

कमोडबद्दल जुन्या माणसांच्या मनात दोन शंका असतात, तहारतची आणि किब्ल्याची. पहिलीला हाताशी नळ किंवा जेट हे उत्तर आहे. दुसरीसाठी मिस्त्रीला आधीच सांगावे. जालन्याहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. तेव्हा बैठक दक्षिणोत्तर ठेवली की तोंड किंवा पाठ तिकडे होत नाही. पाइप पक्का झाल्यावर हे बदलायला फार खर्च येतो. तोडफोड शक्य नसेल तर भारतीय भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. पायांना रबर आहे ना, एवढे पाहून घ्या.

फरशी खरबरीत हवी. जुनी न घासलेली शहाबादी फरशी असेल तर ती काढू नका, ती पाय धरते. बोअरच्या क्षारांचा आणि साबणाचा थर मात्र दर आठवड्याला ब्रशने काढावा. पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर एक छोटा दिवा जळू द्या. दार बाहेर उघडावे. आत पडलेला माणूस दाराला अडला तर आत उघडणारे दार ढकलताच येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी हवी. गीझर असेल तर गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. बादलीत टाकायचा हीटर म्हाताऱ्या माणसाच्या हाती देऊच नये.

पैशांचे म्हणाल तर राज्य सरकारची 2024 पासूनची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल, तर सहाय्यक साधनांसाठी 3 हजार रुपये एकदाच थेट बँक खात्यात येतात. चष्मा, काठी, वॉकर यांबरोबर कमोड खुर्चीही त्यात बसते. खाते आधारशी जोडलेले हवे. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी, आणि खुर्ची घेतल्यावर दुकानदाराची पावती जपून ठेवावी, ती नंतर द्यावी लागते.