नावात गाव असावं का?

आपल्याकडे कितीतरी आडनावांत गाव असतं: निपाणीकर, मडगावकर, बेळगावकर. निपाणीकर पुण्यात स्थायिक झाले तरी त्या नावाने हाक मारली की ओ देतात. कॉम्प्युटरवरच्या फाइलचं तसं नाही. नावात सांगितलेल्या जागी ती नसेल, तर ती सापडतच नाही.

युनिक्समध्ये फाइलचा पूर्ण पत्ता एका तिरक्या रेघेपासून सुरू होतो. /होम/सुमन/कविता म्हणजे मुळात 'होम', त्यात 'सुमन', त्यात 'कविता'. एका मशीनपुरतं हे ठीक. पण कविता दुसऱ्या मशीनवर असेल तर? त्या मशीनला आपण 'कावेरी' म्हणू.

एक रीत अशी: कावेरी:/होम/सुमन/कविता. पण हे दोन टिंबांचं चिन्ह आरसीपी, एससीपी अशा मोजक्या आज्ञांनाच कळतं. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी मुळाच्याही वर एक मूळ कल्पिलं. युनिक्समध्ये शेजारी-शेजारी दोन टिंबं म्हणजे 'एक पायरी वर'. म्हणून /../कावेरी/होम/सुमन/कविता: मुळातून वर चढा, कावेरीत उतरा. अपोलो कंपनीने सुरुवातीलाच दोन रेघा दिल्या: //कावेरी/होम/सुमन/कविता. वेबच्या पत्त्यातल्या दोन रेघा याच धर्तीच्या.

या तिन्ही रीतींत मशीनचं नाव उघड दिसतं. सन कंपनीच्या एनएफएसने ते झाकलं. दूरचा फोल्डर आपल्याच झाडाला कलमासारखा जोडायचा, की तो घरचाच वाटतो. मात्र ज्याने त्याने हवा तिथे जोडला, तर एकाच कवितेचे दोन मशीनवर दोन पत्ते होतात.

मला पटते ती कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या एएफएसची रीत. तिथे पत्त्यात आधी 'एएफएस' आणि मग संस्थेचं नाव येतं, मशीनचं नाही. फाइल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली तरी पत्ता बदलत नाही, आणि कुठूनही पाहिलं तरी तो तोच असतो. ती नेमकी कुठे ठेवलीय, हे शोधायचं काम यंत्रणेचं.

हे साहित्य मंडळाच्या अंकात कशाला, असं विचाराल. अहो, आपला ई-अंकसुद्धा फाइलच आहे ना! त्याच्या पत्त्यात एखाद्या विभागातल्या मशीनचं नाव असेल, तर ते मशीन मोडीत निघाल्यावर लेख शाबूत असूनही वाचकाला मिळणार नाही. म्हणून पत्त्यात मंडळ, वर्ष आणि अंक एवढंच असावं. पुढचा अंक चढवण्याआधी संपादकांनी हे जरूर पाहावं.