पिल्लू जगलं, म्हणजे सल्ला बरोबर?

पावसाळा लागला की कोल्हापूरच्या आसपास उसाच्या सरीत, गंजीखाली, न्हाणीच्या मोरीत सापाचं वीतभर पिल्लू सापडतं. नागाची, धामणीची अंडी याच सुमारास फुटतात. एखादा हौशी पोरगा ते बरणीत भरतो आणि गल्लीतले जाणकार सुरू होतात: दूध पाज, खाईना तर तोंड उघडून भरव, आणि भ्यायचं काय, एवढ्याशा पिल्लाला विष कुठलं! हा शेवटचा सल्ला तर जिवावरचाच. नागाचं पिल्लू अंड्यातून विष घेऊनच बाहेर येतं.

दुधाचा सल्ला टिकला, कारण साप दूध पिताना लोकांनी खरंच पाहिलाय. पण नागपंचमीआधी गारुडी नागाला कित्येक दिवस तहानलेलं ठेवत. असा जीव समोर येईल ते पितो. दुधातली साखर त्याला पचत नाही आणि ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसं सुजतात. तो मरतो तेव्हा गारुड्याची टोपली दुसऱ्या गावात असते, त्यामुळे दूध पाजणाऱ्याला ते कळतच नाही. चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत बाबूराव टक्केकर या शिक्षकांनी शाळेतच सर्पशिक्षण रुजवलं आणि असे गैरसमज खोडायला नागपंचमीचाच दिवस वापरला.

परिणाम उशिरा कळण्याचा हाच घोटाळा आता बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे विदेशी साप पाळणाऱ्यांच्या घरांत दिसतो. साप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करत नाही, ती बाहेरून घेतो. म्हणून त्याचं सगळं संथ चालतं. आठवडाभर काही न खाता तो ठणठणीत राहतो आणि चुकीची देखभालही बरेच दिवस निभावून नेतो. तेवढ्यात सल्ला देणारा म्हणतो, ‘बघ, काही झालं का?’

खाण्याचंच घ्या. वाढत्या पिल्लाला साधारण आठवड्याने एक छोटा उंदीर पुरतो. नव्या घरात आलेलं बॉल पायथन काही दिवस तोंड लावत नाही; अशा वेळी बळजबरीने भरवलं तर ते आणखी बिथरतं. कोल्हापूरच्या डिसेंबरच्या थंडीत सापाच्या पेटीला ऊब नसेल, तर पोटातलं भक्ष्य पचण्याऐवजी कुजतं आणि पिल्लू ते ओकून टाकतं. आधी पेटीच्या एका टोकाला ३० अंशांच्या वर ऊब हवी, दुसरं टोक थंड हवं. खाण्याचा विचार त्यानंतर.

कातीचंही तसंच. कात टाकण्याआधी डोळे निळसर, धुरकट होतात आणि भूक मंदावते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. कातीबरोबर तोही निघतो. हा आजार समजून डोळ्यांत थेंब घालणं किंवा कात बोटांनी सोलणं म्हणजे डोळाच धोक्यात घालणं. पेटीत ओलावा वाढवला की बहुधा काम भागतं.

कायद्याची बाजूही माहीत हवी. नाग, धामण, अजगर हे आपले साप १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. पिल्लू असलं तरी घरी ठेवता येत नाही. ते दिसलं तर लांब राहून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. बॉल पायथनसारख्या विदेशी सापाची नोंदणी २०२४च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते. आणि पाळलेल्या सापाबद्दल कुणी छातीठोक सल्ला दिला, तर त्याला एवढंच विचारावं: हे करून पाहिल्यावर तो साप वर्षभराने कसा होता?