जुनी तीन रुळांची आगगाडी आणि नवा रिमोट

आमच्या शेजारचे अमेरिकन आजोबा घर विकून मुलीकडे राहायला गेले. जाताना तळघरातलं एक जड खोकं त्यांनी आमच्या मुलांना दिलं. आत होती लायोनेल कंपनीची १९५० च्या सुमाराची आगगाडी. एकच अट, नाताळात ते आले की गाडी त्यांनी चालवायची. पण गुडघ्यांमुळे त्यांना ट्रान्सफॉर्मरजवळ जमिनीवर बसवत नाही. म्हणजे रिमोट हवा, आणि त्यासाठी त्यांचं इंजिन खराब करायचं नाही. गाडी तशी आपल्या न्यू जर्सीचीच बरं का, तेव्हा लायोनेलचा कारखाना इथेच अर्व्हिंग्टन-हिलसाइड भागात होता.

आधी ती चालते कशी ते पाहू. मधल्या रुळातून वीज इंजिनात येते आणि बाहेरच्या दोन रुळांतून परत जाते. बाहेरचे दोन्ही रूळ एकाच तारेचे, त्यामुळे रूळ वळवून पुन्हा स्वतःलाच जोडला तरी शॉर्ट होत नाही. वीज एसी, साधारण १८ व्होल्टपर्यंत. हँडल फिरवलं की व्होल्टेज बदलतं आणि वेग बदलतो. वीज क्षणभर तोडली की इंजिनातला ‘ई-युनिट’ नावाचा खटका एक पायरी सरकतो: पुढे, थांबा, मागे, पुन्हा थांबा. आणि शिटी? एसीमध्ये थोडा डीसी मिसळला की इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यातला रिले ओढला जातो आणि ती वाजते.

लक्षात आलं का? हुकूम देण्याची ही तिन्ही कामं इंजिनाच्या बाहेर, रुळाला वीज देतानाच होतात. मग रिमोटही बाहेरच ठेवता येतो!

ट्रान्सफॉर्मर आणि रूळ यांच्यामध्ये एक खोका बसतो. लायोनेलचा ‘पॉवरमास्टर’ हा त्यातला एक, तो जुन्या बाजारात मिळतो. एमटीएच कंपनीच्या ‘डीसीएस’मध्येही ही सोय आहे. ट्रान्सफॉर्मरचं हँडल वर करून ठेवायचं, वेग, दिशा आणि शिटी रिमोटवर. इंजिनाचा एक स्क्रूही काढावा लागत नाही. तोटा एकच, त्या रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम पळतात.

दोन इंजिनं वेगवेगळी चालवायची असतील तर ई-युनिट काढून तिथे रिसीव्हरची पाटी बसवावी लागते. जुन्या एसी मोटरसाठी ‘एसी कमांडर’ नावाची पाटी बनवलेली आहे. मग रुळावर कायम १८ व्होल्ट, आणि प्रत्येक इंजिन आपापल्या नंबरचा हुकूम ऐकतं. काम नाजूक आहे, सोल्डरिंग येत असेल तरच करा, आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत जपून ठेवा. आजोबांच्या इंजिनाला मी हे करणार नाही. घासून रंग उडालेलं, मोडकं इंजिन स्वस्तात मिळालं तर त्यावर जरूर करीन. बॅटरीवर चालवण्याचाही मार्ग आहे, पण या मोटरी वीज फार खातात आणि आत बॅटरीला जागाही नसते.

दुकानात ‘लायनचीफ’चा रिमोट दिसला तर फसू नका. तो त्याच्या जोडीच्या नव्या इंजिनासाठी असतो, जुनं इंजिन त्याला दाद देत नाही. स्मार्ट प्लगने गाडी फक्त चालू-बंद होते, आणि दर वेळी ई-युनिट पायरी बदलत असल्याने गाडी कधी उलटी निघते, कधी जागची हलत नाही. मुलं हसतात, तेवढंच! दिव्याचा डिमर मात्र ट्रान्सफॉर्मरला अजिबात जोडू नका.

रिमोट ही कल्पना काही आजची नाही. लायोनेलने १९४६ मध्येच रुळांमधून रेडिओ लहरी पाठवणारा ‘इलेक्ट्रॉनिक सेट’ काढला होता. १९४९ नंतर तो बंद झाला.

खरेदीच्या आधी ट्रान्सफॉर्मरची वायर पाहा. आमची वाकवताच तिच्या रबराचा चुरा हातात आला. अशी वायर प्लगमध्ये घालायचीच नाही, जाणकाराकडून बदलून घ्यायची. जुन्या ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर सावकाश उडतो. गाडी रुळावरून घसरून शॉर्ट झाली तर तेवढ्या वेळात नवा खोका जळू शकतो, म्हणून मध्ये एक जलद उडणारा ब्रेकर बसवा. आणि सुट्टीत गाडी पुण्याला न्यायची असेल तर हा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा आहे, तिथल्या २३० मध्ये थेट लावू नका.

आमची वायर बदलून झाली आहे, खोका यायचा आहे. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर कार्यक्रमाला जरूर कळवा.