बोर्ड गेला का?

सकाळी साडेनऊ. शटर वर करायचं, टेबल पुसायचं आणि सगळ्यात आधी मल्टिमीटर चालतोय ना ते बघायचं. घरी जोडलेले नवे कॉम्प्युटर सुरू होत नसतील तर ते सुरू करून देणं हे माझं काम. दुकान पुण्यात आहे. पार्ट मात्र विकत नाही. पार्ट विकू लागलो तर दोष शोधताना मन तटस्थ राहणार नाही, असं मला पहिल्या वर्षीच वाटलं होतं, आजही वाटतं.

दुकान झाडून होतंय तोवर साताऱ्याहून फोन. नवा बोर्ड, रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसर, दिवे लागतात पण डिस्प्ले नाही. ही मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये आली. त्याआधीचा बायोस घेऊन दुकानात पडून राहिलेला बोर्ड तिला ओळखतच नाही. मागच्या बाजूला नवा बायोस चढवायचं, बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का, विचारलं. होतं. मग पेनड्राइव्ह कसा करायचा, कुठल्या पोर्टात लावायचा ते सांगितलं. तासाभरात त्याचा मेसेज आला, सुरू झालं.

सव्वादहाला रिक्षा थांबली. चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट दोघांनी धरून आणलं, वडील आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा. बोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम सगळं स्वतः वाचून, भाव काढून घेतलेलं. काही तपकीर गल्लीतल्या दुकानांतून, काही ऑनलाइन. चादर सुटायच्या आत वडिलांनी विचारलं, "बोर्ड गेला का?"

हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं. त्यामागे पंच्याऐंशी हजार रुपये असतात, घरात झालेली चर्चा असते, आणि "मी सांगत होतो, तयार घेऊ या" हे न बोललेलं वाक्य असतं. म्हणून मी उत्तर देत नाही. आधी मुलाला बसवतो आणि विचारतो, काय दिसलं, किती वेळ थांबलास, बंद कसं केलंस.

"फॅन फिरतात, काका. स्क्रीन काळी. अर्धा मिनिट बघायचो, मग बंद करून रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकायचो. चारही स्लॉट करून बघितले. रात्री दोनपर्यंत."

"अर्धा मिनिट" मी कागदावर लिहून ठेवलं.

अकराला बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. ग्राफिक्स कार्ड बाजूला, एसएसडी बाजूला, पुढच्या पॅनेलच्या वायरी बाजूला. उरला प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एकच काडी आणि वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, म्हणजे एसएमपीएसच्या दोन केबल, २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची. मॉनिटर बोर्डाच्याच एचडीएमआयला लावला, कारण मुलानं घेतलेल्या रायझन ५ ७६०० मध्ये चित्र दाखवण्यापुरतं ग्राफिक्स आत असतं. सामान जितकं कमी, तितक्या शंका कमी.

सुरू केल्यावर बोर्डाच्या कडेचा रॅमचा दिवा लागला आणि तिथेच राहिला. मुलानं शेवटी काडी पहिल्या स्लॉटमध्ये ठेवली होती. मी ती हलवली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि आत्ता बदलायचा होता तो फक्त वेळ. दहा मिनिटं थांबलो. दिवा तसाच. मग बंद करून काडी प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, पुस्तिकेत एका काडीसाठी सांगितलेला तोच. पुन्हा सुरू केलं.

अर्ध्या मिनिटाला मुलाचा हात एसएमपीएसच्या बटणाकडे गेला. "हात मागे घे," मी म्हटलं. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिच्याशी वेळेचं गणित जुळवून घेतो, एकेक मोजमाप करून बघतो. त्याला ट्रेनिंग म्हणतात. त्यात काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. बिघाडाचं आणि चांगल्या कामाचं रूप बाहेरून अगदी सारखं. काल रात्री योग्य स्लॉट याला सापडला होता, पण प्रत्येक वेळी वीज काढल्यामुळे मोजमाप पुन्हा पहिल्यापासून.

भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं झाली. दिवा विझला, स्क्रीनवर अक्षरं आली. वडील इतका वेळ उभेच होते, ते स्टुलावर बसले.

दुसरी काडी चौथ्या स्लॉटमध्ये, पुन्हा ट्रेनिंग, तेही पार. पण साडेबाराला बायोसच्या पानावर तापमान बघितलं तर ८१, आणि चढतंय. मशीन काहीच काम करत नसताना एवढं नको. कूलर उतरवला. त्याच्या तळाला चिकटलेली पारदर्शक फिल्म तशीच होती, "लावण्यापूर्वी काढा" असं छापलेली. मुलगा एवढासा झाला. मी त्याला सांगितलं ते इथेही लिहितो: वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांकडूनही ही फिल्म राहते. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घेतलं, वाटाण्याएवढी पेस्ट टाकली, स्क्रू आडवे-तिडवे थोडे थोडे आवळत नेले. ४३ वर स्थिर.

दीडला डबा. अडीचपर्यंत सगळं कॅबिनेटमध्ये बसवून दोघांना रिक्षात बसवलं.

तीनला आलेलं काम मात्र मनातून जात नाही. एका बाईंनी घरच्या मशीनमध्ये स्वतः नवा एसएमपीएस बसवला. जुन्या केबल नीट बांधलेल्या होत्या, म्हणून त्या तशाच ठेवून फक्त डबा बदलला. प्लग बरोबर बसले. पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनमध्ये काय यायचं याला कसलंही सामाईक प्रमाण नाही. कंपनी बदलली की ते बदलतं, कधी एकाच कंपनीचं मॉडेल बदललं तरी. डिस्कच्या ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट गेले. दोन्ही हार्ड डिस्क बंद. एकीच्या सर्किटच्या पाटीवरचा संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन मेला होता आणि बाकीचं वाचलं होतं. तो काढल्यावर डिस्क फिरली, लगेच सगळी माहिती दुसरीकडे उतरवून घेतली. दुसरीतली चिप जळून फुगली होती. त्यात त्यांच्या आईचे शेवटच्या वर्षातले फोटो होते. ती डिस्क मी उघडली नाही, उघडायचीही नसते. डेटा रिकव्हरीवाल्यांकडे पाठवली. मिळतील असं वचन मी देऊ शकलो नाही. एसएमपीएस बदलताना जुनी एकही केबल ठेवू नका, नव्या खोक्यातल्याच लावा, हे मी दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून लावलं आहे.

पाचला मुलाच्या वडिलांचा फोन. "मशीन मस्त चाललंय, पण कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात."

साडेसहाला नारायण पेठेत त्यांच्या घरी. जुनी इमारत, लाकडी जिना. सॉकेटला तीन भोकं होती. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२९ व्होल्ट. अर्थिंगच्या भोकाशी मोजायला गेलो तर आकडा स्थिरच होईना. कॅबिनेट आणि न्यूट्रलमध्ये ११२. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांनाही कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात, आणि गळणारा किंचित प्रवाह अर्थिंगनं जमिनीत जावा अशी रचना असते. अर्थिंगच नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये, निम्म्या व्होल्टेजवर लटकत राहतो. प्रवाह थोडा असल्यानं झिणझिण्यांवर निभावतं. पण उद्या आत खरोखरची फेज पत्र्याला टेकली तर तिला जमिनीकडे जायला माणूस सोडून वाट नाही. एचडीएमआयची केबल चालू मशीनला लावताना पोर्ट जळतात त्यातही अनेकदा हेच कारण असतं.

भिंतीतल्या वायरिंगला मी हात लावत नाही. खालच्या गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्यानं सॉकेट उघडलं. अर्थिंगच्या पिनला मागे वायरच नव्हती. मीटरबोर्डपाशी इमारतीचं अर्थिंग होतं, तिथून त्यानं हिरवी वायर ओढून आणली.

पावणेनऊला पुन्हा मोजलं. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १.२ व्होल्ट. कॅबिनेटला हात लावला, काही नाही. दिवसभरात या मशीनचा एकही पार्ट बदलला नव्हता.

घरी कॉम्प्युटर जोडणार असाल तर पार्टची यादी करण्याआधी वायरमनला बोलवा, आणि न्यूट्रल-अर्थिंगमधला हा शेवटचा आकडा मीटरवर स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.