शेजारच्या बांधावरून आलेलं वाण

मी जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातून बोलतोय. आमच्या शहरातल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचं ‘जेएस ३३५’ हे सोयाबीनचं वाण १९९४ साली आलं आणि पुढे विदर्भ-मराठवाड्यात गावोगाव पोचलं. कसं? फौजेत हुकूम चालतो, शेतात नाही. शेतकरी आधी शेजाऱ्याचं उभं पीक पाहतो, मग थोडं बियाणं मागून आणतो. सोयाबीन स्वपरागित असल्याने घरचं बियाणंही मूळ वाणासारखंच पीक देतं. पण दाण्याचं टरफल नाजूक असतं. म्हणून बियाणं देण्याआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्यात ७० किंवा जास्त उगवले, तर खुशाल द्या. बियाणं उगवलं नाही, तर शेजाऱ्याचा हंगाम जातो. पुढच्या नव्या वाणावरचा त्याचा विश्वासही.