गिरणीचं कापड, लखनौची सुई

फेब्रुवारी १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं. नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला गेले आणि लखनौच्या कारागिरांचं सर्वात मोठं गिऱ्हाईकच नाहीसं झालं. १८६७ मध्ये कानपूरहून आगगाडी आली. विलायती गिरण्यांचं स्वस्त कापड तिच्यातून भराभर उतरू लागलं, तेव्हा हातमागावर पोट असलेल्या विणकरांचं कंबरडंच मोडलं.

चिकनकारी, म्हणजे लखनौचं सुईचं भरतकाम, मात्र तगली, तीही गिरणीच्याच कापडावर!

तगली खरी, पण कोणाच्या जिवावर? दरबाराचा आश्रय गेला, तसं हे काम घराघरांतल्या बायकांकडे, नगावर मजुरी ठरवून जाऊ लागलं. लाकडी ठशाने निळीची नक्षी छापलेलं कापड दलाल आणून टाकतो. तांदळाच्या दाण्याएवढा ‘मुर्री’चा टाका भरायचा, ‘जाळी’साठी धागा न तोडता सुईने विणीत छिद्रं पाडायची. भरतकाम झालं की धोबी निळीचे डाग धुऊन काढतो. टाका चुकला की मजुरी कापली जाते. डोळ्यांवर पडणारा ताण हिशेबात धरलाच जात नाही.

विलायती कापड विणणारे मँचेस्टरचे गिरणी कामगार निदान एका छपराखाली होते, त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. इथे जी ती आपापल्या घरात. शेजारणीला काय दर मिळतो, हेही कळायची मारामार. १९८४ मध्ये ‘सेवा लखनौ’ ही संस्था निघाली आणि दलालाला वगळून काही बायकांना थेट काम मिळू लागलं. २००८ मध्ये चिकनला भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात मात्र त्याच्या शेजारीच यंत्रावर भरलेलं स्वस्त ‘चिकन’ही विकलं जातं.