आभासी शस्त्रक्रिया आणि हाताची साक्ष

शस्त्रवैद्याचें कौशल्य जितकें डोळ्यांत, तितकेंच बोटांत असतें. डोळ्याला चित्र दाखवून शिकवितां येतें. बोटाला कसें शिकवावें, हा प्रश्न शस्त्रविद्येइतकाच जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत त्याचें उत्तर दिलेलें आहे. शिष्यानें छेदन शिकावें तें कोहळा, भोपळा, काकडी यांवर. भेदन, चिखलपाण्यानें भरलेल्या कातडी पिशवीवर. वेधन, मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. भोपळा कांहीं मनुष्यदेहासारखा दिसत नाहीं; परंतु तो शस्त्राला विरोध करतो, आणि त्या विरोधांतूनच हात शहाणा होतो.

आजच्या यंत्रांत प्रकार नेमका उलटा आहे. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ म्हणजे संगणकानें उभी केलेली आभासी सृष्टि. तींत यकृत दिसतें, पित्ताशय दिसतें, रक्तहि वाहतांना दिसतें. पण शस्त्र यकृतांतून आरपार गेलें, तरी हाताला त्याची वार्ता नसते. ही उणीव भरून काढण्यासाठीं हत्याराच्या मुठीला लहान मोटरी जोडतात. शिष्यानें दाब दिला, कीं त्या हिशेबानें हाताला उलट रेटतात. अमेरिकेंत थॉमस मॅसी व केनेथ सॅलिसबरी यांनीं १९९४ सालीं ‘फँटम’ नांवाचें असेंच स्पर्शयंत्र विद्वानांपुढें मांडलें.

अडचण अशी, कीं डोळा सहज फसतो. सेकंदास २५-३० चित्रें सरकलीं, कीं त्याला तें अखंड दृश्य भासतें. हात इतका भोळा नाहीं. कठीण वस्तु त्याला कठीण वाटावयाची, तर बलाचा हिशेब सेकंदास सुमारें १,००० वेळां करावा लागतो. नाहींतर आभासी हाड हाताखालीं थरथरूं लागतें. शिवाय जिवंत मांस साध्या स्प्रिंगसारखें वागत नाहीं. तें प्रथम सैल सुटतें, आणि अधिक ताणलें कीं एकाएकीं ताठ होतें.

मग स्पर्शावांचून यंत्र व्यर्थ समजावें काय? तसेंहि नाहीं. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत १६ शिकाऊ शस्त्रवैद्यांवर केलेला प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं आधीं यंत्रावर सराव केला होता, त्यांनीं दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेंत पित्ताशय सोडविण्याचें काम २९ टक्के अधिक जलद केलें. सराव नसलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याचा किंवा भलताच भाग भाजण्याचा संभव पांचपट आढळला. आणि त्या यंत्रांत स्पर्श मुळींच नव्हता; चित्रेंहि साध्या भूमितीच्या आकृतींचीं होतीं!

याचा अर्थ स्पष्ट आहे. पडद्याकडे पाहून दोन्ही हात मेळानें चालविणें स्पर्शावांचून साधतें; टांका किती आवळावा, ऊतक किती ओढावें, हें मात्र स्पर्शावांचून साधत नाहीं. दुर्बिणीच्या लांब हत्यारांतून मुळांतच अर्धवट स्पर्श पोंचतो. तेथें यंत्रानेंहि तितकाच द्यावा, अधिक नव्हे. खोटा स्पर्श हाताला खोटी संवय लावतो, आणि तिची किंमत पुढें रोग्याला द्यावी लागते. म्हणून यंत्राची परीक्षा पाहणारांच्या कौतुकानें होत नाहीं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेल्या रोग्याची इजा किती टळली, यानेंच ती होते.